आधी पाऊल टेकू दे, मग हात: डिस्क गोल्फमध्ये पाय आणि वजन

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा नागपूरचाच, एकवीस वर्षांचा. आठ महिन्यांपासून डिस्क गोल्फ (चपटी डिस्क फेकत फेकत कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायचा खेळ) खेळतो. उजव्या हाताने बॅकहॅण्ड फेकतो, म्हणजे हात छातीसमोरून मागे नेऊन; फोरहॅण्डमध्ये हात उजव्याच बाजूने येतो. डिस्क साठ मीटरच्या पुढे जात नाही. पळत येऊन फेकली तर उलट कमी जाते, वर चढते आणि डावीकडे पडते. महिन्याभरापासून उजवा गुडघा दुखतोय. दोन व्हिडिओ पाठवले आहेत आणि विचारलंय, "ताई, पाय नेमके कसे टाकू? पळण्याचा वेग वाढवू का, की सरळ फोरहॅण्डकडे वळू?"

वेग वाढवू नकोस. महिनाभर तर पळणं बंदच ठेव. कारण तुझ्याच व्हिडिओत आहे.

पहिला व्हिडिओ मी एकेक फ्रेम थांबवत पाहिला. तुझ्या उजव्या पायाची टाच जमिनीला लागते तो क्षण पकड आणि तेव्हा डिस्क कुठे आहे ते बघ. ती छातीसमोर येऊन पोचली आहे. म्हणजे पाऊल पडायच्या आधीच हात निघाला आणि अर्धी वाट चालूनही झाली. त्या वेळी तुझं वजन अजून डाव्या पायावर आहे, कंबर मागेच आहे, आणि डिस्क ओढायला उरलाय एकटा खांदा. एकट्या खांद्याच्या बळावर साठ मीटर जातात याचा अर्थ तुझा हात चांगला आहे. त्याला खालून काही मिळत नाहीये, एवढंच.

बाकीच्या तक्रारीही इथूनच निघतात. वजन मागे राहिलं की धड मागे कलतं. धड कललं की डिस्कचं नाक, म्हणजे समोरचा काठ, वर उठतं. नाक वर असलेली डिस्क चढत जाते, चढण्यातच वेग घालवते, आणि वेग संपला की उजव्या हाताची बॅकहॅण्ड डिस्क डावीकडेच उतरते. वरून पाहिलं तर ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असते, म्हणून तिचा शेवटचा कल डावीकडे. पळत आल्यावर हात आणखी घाई करतो, वजन आणखी मागे राहतं, म्हणून अंतर घटतं. तेव्हा पकड, मनगट, नवा महागडा ड्रायव्हर (लांब फेकीची डिस्क), यातलं काही बदलायच्या फंदात पडू नकोस.

आता वजन पुढे नेणं म्हणजे काय, ते नीट समजून घे, कारण बहुतेक मुलं इथेच चुकतात. वजन पुढे नेणं म्हणजे अंग पुढे झोकून देणं नव्हे. अंग पुढे येतं आणि पुढच्या पायाशी अडतं. त्या अडण्यातून डिस्कला वेग मिळतो.

आमचं शेत काटोलकडे. ज्वारी हुरड्यावर आली की आजोबा माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरं हाकायचे. मी लहान असताना त्यांच्या हाताकडेच बघायची, कारण दगड पार बांधापलीकडे जायचा आणि हात मात्र फारसा हललेला दिसायचा नाही. पुढे थाळीफेक शिकल्यावर उमगलं की बघायला हवे होते त्यांचे पाय. ते भार मागच्या पायावरून पुढच्यावर घ्यायचे, पुढचा पाय दाबून धरायचे, आणि त्या पायाशी सगळं अंग थबकायचं. हात थबकला की गोफणीची सुटी दोरी निघायची आणि दगड पुढे. मागचं थांबतं तेव्हा त्याचा वेग पुढच्याला मिळतो. पाय थांबतो तेव्हा कंबर फिरते, कंबर थांबते तेव्हा खांदे, मग कोपर, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी डिस्क. तुझ्या फेकीत पहिलंच थांबणं होत नाहीये, म्हणून पुढचं सगळं ढिलं.

नीरज चोप्राची ७ ऑगस्ट २०२१ ची टोकियोतली ८७.५८ मीटरची फेक तू शंभरदा पाहिली असशील. आता एकदा भाल्याकडे न बघता फक्त त्याचा डावा पाय बघ. एवढा वेगात आलेला माणूस तो पाय रोवतो, पाय सरळ राहतो, आणि वरचं सगळं अंग त्या पायावरून चाबकासारखं पुढे येतं. आपल्या खेळात हेच काम उजवा पाय करतो, कारण बॅकहॅण्डला उजवा खांदा लक्ष्याकडे असतो. थाळीफेकीतही अडवणारा पाय डावा असल्याने मला ही उलटापालट अंगात मुरवायला वर्षभर लागलं. तू क्रिकेट खेळत आलायस, गोलंदाजीतही तुझा पुढचा पाय डावाच. त्यामुळे उजव्या पायाला ही सवय नाही. त्याला वेळ दे.

सुरुवात उभ्याने. मी शिकवलेल्या मुलांमध्ये ज्यांची उभ्याची फेक बसली, त्यांना पळत आल्याने थोडीच भर पडली. बहुतेक अंतर उभ्यानेच मिळालेलं होतं. म्हणून मी एक्स-स्टेप (एक पाय दुसऱ्याच्या मागून टाकत घ्यायची तीन पावलं) आधी शिकवत नाही. शिकवणारे बरेच जण पहिल्याच दिवशी ती पावलं घोकून घेतात आणि मुलांनाही तेच हवं असतं, पण त्यातून फक्त घाई शिकली जाते, असं माझं ठाम मत आहे.

मैदानावर फक्कीने लक्ष्याच्या दिशेने एक सरळ रेषा आख. तिच्यावर आडवा उभा राहा, उजवा खांदा लक्ष्याकडे, पायांत खांद्यांपेक्षा थोडं जास्त अंतर. डाव्या पायाची बोटं रेषेला लागलेली, आणि उजव्या पायाची टाच त्याच रेषेवर. म्हणजे उजवा पाय तुझ्या छातीच्या बाजूला थोडा सरकलेला असेल. असं उभं राहिलं की कंबर लक्ष्यापासून जराशी वळलेली राहते आणि तिला फिरायला जागा मिळते. तुझ्या व्हिडिओत उलट आहे. तुझा उजवा पाय पाठीच्या बाजूला पडतो, त्यामुळे कंबर आधीच उघडते आणि फिरायला काही शिल्लकच राहत नाही.

हात मागे नेताना वजन डाव्या पायावर घे, पण त्या पायाच्या आतल्या कडेवर, अंगठ्यामागच्या उंचवट्यावर. ही बारीक गोष्ट आहे आणि फार महत्त्वाची आहे. वजन बाहेरच्या कडेवर गेलं की कंबर पायाच्या पलीकडे लोंबते आणि तिथून परत यायला उशीर होतो. तुझं तेच होतंय, दुसऱ्या व्हिडिओत तुझ्या डाव्या बुटाची आतली कड चक्क उचललेली दिसते. उपाय सोपा आहे: फरशीचा एक चपटा तुकडा डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेखाली सरकव आणि त्यावर उभं राहून हात मागे नेण्याचा सराव कर. वजन आपोआप आत राहील, डावा गुडघाही आत राहील.

मग पुढे येताना सगळ्यात आधी निघते ती कंबर. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या की लोटलेलं दार आपण कुल्ल्याने ढकलतो, अगदी तसा उजवा कुल्ला लक्ष्याकडे जाऊ दे. खांदे अजून मागे वळलेले, डिस्क अजून मागे, आणि कुल्ला मात्र निघालेला. याच ताणातून सगळं येतं. उजवं पाऊल आधी चवड्याच्या बाहेरच्या भागावर उतरतं आणि लगेच टाच टेकते. बोटं लक्ष्याकडे नकोत. ती साधारण आडवी, फार तर लक्ष्याकडे अर्धवट वळलेली असावीत. गुडघा उतरताना किंचित वाकलेला, आणि टाच दाबली गेली की पाय ताठ होत जातो, आपण वर उचलले जातोय असं वाटतं. गुडघा बोटांच्या पुढे घसरत गेला तर समज की पायाने अडवलंच नाही, अंग नुसतं पुढे वाहून गेलं.

टाच दाबली गेली, आता हात. त्याआधी नाही. सुरुवातीला हे इतकं उशिरा वाटेल की फेक फसणार असं वाटत राहील. वाटू दे.

डिस्क सुटल्यावर उजव्या पायाची बोटं हलकी होऊन पाऊल टाचेवर फिरतं आणि डावा पाय बोटं घासत मागून पुढे येतो. डाव्या पायाला मुद्दाम ओढून आणायचं नाही. वजन खरोखर पुढे गेलं असेल तर तो आपोआप येतो, आणि मागेच चिकटून राहिला तर वजनही मागेच राहिलंय. स्वतःला तपासायची ही सगळ्यात सोपी खूण. फेक झाल्यावर उजव्या पायावर एकट्याने दोन श्वास उभं राहता येतंय का ते प्रत्येक फेकीनंतर बघ.

हे सगळं वाचून अंगात येणार नाही, त्यासाठी बादली घे. घरातली कडीची साधी बादली, अर्धी भरलेली. आडवा उभा राहा, दोन्ही हातांनी कडी धर आणि बादली मागे-पुढे झुलव, मागे डाव्या पायाकडे, पुढे उजव्या पायाकडे. पहिल्या दोन झोक्यांत तू ती हातांनी ओढशील, पाणी डचमळून पायावर सांडेल, खांदे भरून येतील. मग हात दोरीसारखे सैल सोड आणि फक्त कंबर एका पायावरून दुसऱ्यावर ने. बादली अजून मागे जात असतानाच तुझी कंबर पुढे निघालेली असेल. नाही निघाली तर बादलीच तुला मागे खेचेल. हेच ते. बादली मागे जातेय आणि कंबर पुढे येतेय, हा जो एक क्षण आहे तो पायांत ओळखीचा झाला पाहिजे. रोज चाळीस-पन्नास झोके पुरेत. अंगणात जागा नसेल तर गच्चीवर कर. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला तीन महिने शब्दांनी समजावून जे जमलं नव्हतं, ते बादलीने एका संध्याकाळी जमलं. पाणी सांडायचं थांबलं तसा तिचा चेहरा बदलला, आणि लगेच डिस्क हातात दिली तर ती नेहमीच्या झाडाच्या पुढे गेली.

दुसरा सराव एका पायाचा. सगळं वजन उजव्या पायावर, डाव्या पायाचा फक्त अंगठा मागे टेकवलेला. आता पुटर किंवा मिडरेंज (जवळच्या आणि मधल्या अंतराच्या डिस्क) घेऊन हळू फेक. पुढचा पाय बिजागरी आणि अंग दार, एवढंच मनात ठेव. इथे ड्रायव्हर वापरू नकोस. ड्रायव्हरला मुळातच वेग लागतो, तो नसताना तो लवकर डावीकडे पडतो आणि चूक पायाची की डिस्कची ते कळत नाही. पुटर खरं सांगतो.

पंधरा दिवसांनी एक पाऊल जोड. पाय जवळ घेऊन उभा राहा, उजवा पाय लक्ष्याकडे टाक, फेक. टाच टेकते तेव्हा डिस्क सगळ्यात मागे असली पाहिजे. हे दहातल्या आठ वेळा जमायला लागलं की मगच एक्स-स्टेप: उजवा, डावा उजव्याच्या मागून, उजवा. चालीने, पळत नाही. डावा पाय मागून जाताना चवड्यावर पडतो, त्याची बोटं थोडी मागे वळलेली असतात, आणि त्याच वेळी हात मागे जात असतो. पावलं वाढत जाणाऱ्या लयीत पडू देत. लेझीम खेळला असशील तर तिथे शेवटचा ठेका कसा जोरात पडतो ते आठव: पहिलं पाऊल निवांत, दुसरं जरा लगबगीचं, तिसरं ठाम. पहिलंच पाऊल जोरात टाकलंस तर तिसऱ्याला द्यायला काही उरत नाही. आणि उडी नको. डोकं वरखाली व्हायला लागलं की पाऊल कुठे पडेल याचा नेम राहत नाही.

हा नेम शोभेपुरता नाही, नियमांसाठीही तो लागतो. टी (पहिली फेक करायची जागा) सोडून पुढच्या फेकींत, डिस्क जिथे पडली तिच्या किंवा मार्करच्या (ती जागा दाखवणाऱ्या छोट्या डिस्कच्या) मागे २० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर लांब एवढीच जागा आपली असते. डिस्क सुटताना टेकलेल्या अंगाचा एक तरी भाग त्या जागेत हवा आणि कुठलाही भाग त्याच्या पुढे नको. म्हणजे पळत येऊन रोवलेलं उजवं पाऊल जेमतेम वहीच्या पानाएवढ्या जागेत पडायला हवं. बास्केटपासून १० मीटरच्या आत असशील तर डिस्क सोडल्यावर तोल सांभाळून दाखवल्याशिवाय पुढे पाऊलही टाकता येत नाही. उभ्याच्या सरावाचं खरं मोल सामन्यात अशा वेळी कळतं.

तू मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ पाहून पळायला लागलास असं लिहिलंयस. पॉल मॅकबेथ सहा वेळा विश्वविजेता झाला आहे. त्याचे संथ गतीतले व्हिडिओ जरूर बघ, पण स्क्रीनचा वरचा अर्धा भाग हाताने झाकून. मात्र अंतराच्या विक्रमांवरून पायांची चाल ठरवू नकोस. डेव्हिड विगिन्स ज्युनियरने २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर फेक केली, ती वारा पाठीशी घेऊन आणि केवळ अंतरासाठी. बास्केटच्या दिशेने खेळताना पावलांचा हिशोब वेगळा असतो.

आता गुडघा आणि आपली जमीन. हा भाग मी मनापासून लिहितेय, कारण माझा स्वतःचा उजवा गुडघा यातच गेला होता. बरीच वर्षं झाली. श्रावणातला पाऊस नुकताच थांबलेला, मैदान काळ्या मातीचं, आणि पायात फुटबॉलचे स्टडवाले बूट. शिकवणाऱ्यांनी "अजून जोरात ये" म्हटलं, मी गेले. पाऊल रुतलं, कंबर फिरली, पाऊल फिरलं नाही. मधे गुडघा होता. चार महिने जिना उतरताना कठड्याला धरत होते.

नागपूरची काळी माती पावसाळ्यात बुटाला लपेटते आणि पाऊल धरून ठेवते. उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात, त्यात टाच अडकते. दोन्ही वेळी पाऊल फिरू शकत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. तुझ्या व्हिडिओतलं मैदान तसंच दिसतंय, शिवाय तुझी बोटं थेट लक्ष्याकडे. पाऊल पडतानाच बोटं तिकडे आणि मग टाचेवर फिरणं नाही, म्हणून दुखतोय. पावसाळ्यात मुरमाड जमीन शोध किंवा बास्केटबॉल कोर्टच्या सिमेंटवर सराव कर, तिथे पाऊल मोकळं फिरतं. स्टड नकोत, बारीक खाचांचे, ट्रेलवर पळायचे बूट चांगले. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गवतावर दव असतं, तेव्हा पाऊल घसरतं, ऊन जरा चढू दे. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा सकाळी सातच्या आत आटोपून घरी. थकलेला पाय आधी अडवायचं सोडतो आणि मग हात घाई करायला लागतो, म्हणून दमल्यावर जास्तीच्या वीस फेकी मारणं मला कधीच पटलेलं नाही.

गुडघ्याला सूज असेल, रात्री ठणकत असेल किंवा जिना उतरताना अचानक दगा देत असेल तर सराव थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव. नुसती फेकीनंतरची कळ असेल तर आठवडाभर फक्त बादली आणि पुटर. एका पायाची फेकही तोवर नको.

फोरहॅण्डकडे वळू का, याचं उत्तर: शिक जरूर, पण यातून सुटका म्हणून नाही. फोरहॅण्डला छाती लक्ष्याकडे उघडते आणि अडवणारा पाय डावा होतो, त्यामुळे उजव्या गुडघ्याला विसावा मिळेल आणि तुझ्या गोलंदाजीच्या सवयीमुळे पावलं लवकरही जमतील. पण तिथेही टाच आधी आणि हात नंतर हाच क्रम आहे, आणि तो चुकला तर फोरहॅण्डमध्ये भार कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. हात घाई करतोय तोवर जोरात फोरहॅण्ड मारू नकोस.

पुढचे व्हिडिओ तीन आठवड्यांनी पाठव, दोन बाजूंनी काढलेले. एक तुझ्या छातीच्या बाजूने, दुसरा तुझ्या मागून लक्ष्याच्या रेषेत. फोन कमरेच्या उंचीवर, सायकलच्या कॅरिअरवर किंवा विटांवर टेकवून, स्लो मोशनमध्ये. हातात धरून काढलेल्या व्हिडिओत पावलं कापली जातात, या वेळी दोन ठिकाणी तसं झालंय. फक्कीची रेषा दिसू दे. उभ्याच्या पाच फेकी, एका पावलाच्या पाच, सगळ्या पुटरने. त्यात मी पहिल्यांदा टाच टेकण्याची फ्रेम शोधणार आहे आणि त्यानंतर डाव्या बुटाची आतली कड.